माशी

पिस्तुलाच्या टोकाला जो काळा चौकोन असतो
त्याला आमचे वस्ताद माशीच म्हणायचे.
सहा महिने ती शिंकत होती.
छर्रा डावीकडे, खाली,
घड्याळात साडेसात वाजतात तिथे,
रोज, हजेरीपटावर सही करावी तसा.

मी प्राणायाम केला, चहा सोडला,
जावेशी धरलेला अबोलाही सोडला,
मन स्वच्छ हवं म्हणतात म्हणून.
छर्रा साडेसातलाच.

कॅम्पातल्या दिनशॉ खंबाट्यांनी विचारलं,
"हात किती लांब?"
चष्म्याच्या दुकानात शिंप्याची टेप.
बुबुळापासून, ताणलेल्या मुठीतल्या
पेन्सिलीच्या टोकापर्यंत: एक्याण्णव सेंटिमीटर.
"बाई, चाळिशी लागली तुम्हाला, एवढंच.
पाऊण नंबरची काच देतो.
माशी बघा. लक्ष्य पुसट होऊ द्या."

होऊ द्या म्हणे!
बावन्न वर्षं लांबचंच बघत आले मी,
बदलीची यादी, मुलाचा व्हिसा.

पिस्तूल खडकीच्या एका सुभेदारांचं, जुनं.
अक्रोडाच्या मुठीत त्यांचा पंजा अजून बसलेला,
रुंद, ऐसपैस,
माझ्या करंगळीला सरक म्हणणारा.
भवानी पेठेत, वखारीच्या मागे,
तबल्याचे गट्टे कातणाऱ्या सुदाम पांचाळनं
माझ्या तळहाताला खडू फासला. "धरा."
खडू उमटला नाही तिथे एम-सील,
फार उमटला तिथे कानस.
"पुन्हा धरा. आवळू नका, कुणाचा हात धरताय असं."
तीन शनिवार गेले.
अंगठ्याखालचा उंचवटा झिजला
तेव्हा मनगट न सांगता सरळ झालं.
इतके दिवस मी त्याला भित्रं म्हणत होते.

रविवारी बालेवाडीत पहिला छर्रा
उजवीकडे गेला, अन् मला हसूच आलं.
किती दिवसांनी नवी चूक!
मग पलीकडे काळा गोल विरघळत राहिला,
अलीकडे माशी
धारदार कडांची, गप्प.
साठ छर्रे, पाचशे अठ्ठेचाळीस.
नाव यादीत अकरावं.

परतताना बसमध्ये चष्मा काढायचा राहिला.
बाणेरचे मनोरे पुसट, पुढच्या थांब्याची पाटी पुसट.
फक्त समोरच्या सीटची पाठ,
हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर,
आणि तिच्यावर कुणीतरी कंपासनं कोरलेलं
वैजू,
जू-चा उकार अर्धाच राहिलेला,
बहुतेक त्याचा थांबा आला असावा.