दीड सेकंद

बेथेलमध्ये डिश वर बघत नाही.
अलास्काच्या या टोकाहून उपग्रह इतका खाली
की ती बघते जवळजवळ समोरच, दक्षिणेला,
गोठलेल्या नदीवरून, धावपट्टीच्या दिव्यांवरून,
वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसासारखी.

इस्पितळाच्या लॅबमधून मी रात्री आठला येते,
बुटांचा बर्फ झटकते, हेडफोन लावते.
फलटणला तेव्हा उद्याचे साडेदहा वाजलेले असतात.
नलूताईचं वरण उकळत असतं.

मी "हॅलो" म्हणते. ते छत्तीस हजार किलोमीटर वर जातं,
तितकंच खाली येतं, मग समुद्राखालून,
कुठल्या कुठल्या खोल्यांतल्या यंत्रांपुढे रांग लावत
तिच्या ओट्यापर्यंत पोचेतो
तीही "हॅलो" म्हणून मोकळी झालेली असते.
मग दोघी थांबतो. मग दोघी एकदम बोलतो.
"बोल तू."
"नाही, तू बोल."
दारात अडलेल्या दोन विहिणी जशा.

कधी माझाच आवाज परत येतो
तिच्या कुकरची शिट्टी अंगाला लावून.
कधी शब्दांतली अक्षरं गळतात
आणि गळकी जागा यंत्र अंदाजाने भरतं,
आमच्या घरातल्या माणसांसारखंच.

नोव्हेंबरात तिनं विचारलं,
"अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं मी.
चुकलं का गं माझं?"

मी लगेच म्हणाले, नाही.
लगेच. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.
पण तिचा प्रश्न यायला पाऊण सेकंद,
माझं नाही जायला पाऊण,
आणि ज्याला उत्तराची भीती आहे
त्याला दीड सेकंद पुष्कळ होतो.
तेवढ्यात तिनं ऐकलं,
तीन वर्षं जे तिला ऐकू येतच होतं.
"बरं," म्हणाली, "कळलं मला."
माझं नाही त्या कळलंवर जाऊन आदळलं.
दोन्ही फुटले.

मग दोन महिने ती कांद्याचा भाव सांगायची,
मी उणे तीसची थंडी.

कंपनीला फोन केला. डस्टिन नावाचा मुलगा म्हणाला,
वेग उत्तम आहे, मॅडम, मला इथे दिसतोय.
खोटं नव्हतं. सिनेमे न अडखळता चालायचे.
पन्हळ रुंद होती. लांबीचं काय ते विचारलं,
तर म्हणाला, प्रकाशाची तक्रार माझ्याकडे येत नाही.

शेवटी भाऊजींनी ताईच्या हातातून फोन घेतला.
पोलीस वायरलेसमध्ये एकतीस वर्षं काढलेली, डावा कान त्यातच गेला.
"वाक्य संपलं की ओव्हर म्हणायचं.
ओव्हर ऐकल्याशिवाय समोरच्यानं तोंड उघडायचं नाही.
आणि कुणी गप्प आहे म्हणजे नाराज आहे
असं नोंदवहीत लिहायचं नाही. ओव्हर."

ताई हसली. "जेवलीस का ओव्हर" म्हणाली, एका दमात.
मी म्हणाले, हो. ओव्हर.
मग पाण्याचा घोट घेतला
आणि एकेक अक्षर पुसून ठेवावं तसं म्हणाले,
"ताई, नोव्हेंबरात मी नाही म्हणाले होते.
तू विचारल्या विचारल्या. ओव्हर."

एक. दीड. दोन.
वरण उतू गेल्याचा चर्र आवाज,
गॅसची कळ फिरल्याचा.
पाच. भाऊजींचा खोकला, लांबून.
अकरा.
हिरवा ठिपका आहे, लाइन चालू आहे.
तिनं ओव्हर म्हटलेलं नाही.
म्हणजे बोलतेय ती अजून.