द्वंद्व समास

पेपर सहा, साहित्य-सिनेमा.
वेळापत्रकावर नाव वाचलं आणि आठवल्या
करी रोडच्या शाळेतल्या हुदलीकर बाई :
‘मीठभाकर, आईवडील. दोन्ही पदं सारख्या तोलाची,
तो द्वंद्व समास.’

कलिन्याला तोल असा सरळ नव्हता.
सोमवारी कादंबरी. मिस्किटा सर
एकाच जिन्यावर आठवडेच्या आठवडे थांबायचे.
नायिका चढतेय, चौदा पानं चढतेय,
पायरीपायरीला वेगळा पश्चात्ताप,
आणि माझं एक बोट कायम डिक्शनरीत.
गुरुवारी तोच जिना
पडद्यावर चार सेकंदांत संपला.
कठड्यावरून घसरत गेलेला हातमोजा, बस्स.
अरमीन म्हणाली, ही फसवणूक आहे.
मी काहीच म्हणाले नाही.
मी खालची ओळ वाचत होते.

खरं तर पहिलं अख्खं सत्र
मी सिनेमे पाहिलेच नाहीत, वाचले.
पांढरी अक्षरं पडद्याच्या तळाशी पळायची
आणि मी त्यांच्यामागे.
वर कुणी रडलं, कुणी दार लावून घेतलं,
माझ्यापर्यंत पोचलं ते फक्त स्पेलिंग.

मग फेब्रुवारीत एकदा
वर्गावरून विमान गेलं, नेहमीसारखं छपराला घासत,
आवाज बुडाला,
आणि नेमक्या तेव्हाच खालच्या ओळीही गेल्या.
फाइल बिघडली होती. सर म्हणाले, असू दे.

एक बाई टेबल पुसत होती.
पुसून झालेलं टेबल परत पुसत होती.
नोकरी गेल्याचं महिनाभर घरी न सांगता
शशीमामा असाच चष्मा पुसायचा.
हे मला येत होतं.
यासाठी कधीच बोट घालावं लागलं नव्हतं
कुठल्याच पुस्तकात.

मग ते टेबल विरत गेलं,
त्याच्या पोटातूनच एक रिकामा रस्ता उजळला,
क्षणभर दोन्ही होती, धड कुठलंच नव्हतं.
‘डिझॉल्व्ह,’ सर म्हणाले, व्याख्या सांगितली.
मी वहीच्या समासात लिहिलं
(हाही समासच, बाईंनी शिकवायचा राहिलेला) :
कातरवेळ.
कातर म्हणजे कापणारी.
कातर म्हणजे भ्यालेलीही.

निबंधातही तोच शब्द ठेवला, देवनागरीत,
इंग्रजी वाक्याच्या मधोमध,
साहेबाच्या पंगतीत पाटावर बसल्यासारखा.
कागद परत आला. शब्दाभोवती लाल गोल,
शेजारी सरांचं तिरकं, मराठी अक्षर :
‘आमच्या वसईकडे दिवेलागण म्हणतात.
हा बरा आहे. ठेवा.
पण वाचणाऱ्याला इंग्रजीत समजावून द्या.’

समजावतेय.
सहा पानं झाली. एका शब्दाच्या जिन्यावर
मी अजून चढतेच आहे,
खिडकीचा हिरवा पडदा कुणीतरी टाचणीतून सोडवलाय,
आणि अरमीन दारातून विचारतेय,
कॅन्टीन बंद होईल बाई, येतेयस का.