मिशा

टॅल्गार्थच्या मैदानात, ट्रेलरच्या आडोशाला
एमलिन सवयीने वस्तरा काढतो
अन् परत खिशात टाकतो.
यंदा नियम आलाय :
तट्टाच्या मिशांना हात लावायचा नाही.

चाळीस वर्षं त्यानं थोबाडं तासली,
बोहल्यावर चढवल्यासारखी तुळतुळीत.
फिती जिंकल्या. खोगिरांच्या खोलीत
विटून लोंबताहेत खिळ्याला.
अंधारात बादलीचा काठ
कसा सापडतो,
हे तट्टाला कुणी विचारलं नव्हतं.

आयाळ विंचरून झाली. खूर पुसले.
नेरिस ओरडते, आपला नंबर पुकारला!

करडं तट्टू मान खाली घालतं.
ते राठ, विरळ केस
त्याच्या तळहातावर चाचपडतात :
साखर नाही,
जुनी भेग, अंगठा,
पुन्हा भेग.

नंबर दुसऱ्यांदा पुकारतात.