पंखा क्रमांक तीन

रात्रीचे दोन एकेचाळीस.
गोत्री रोड, दुसरा मजला, खाली बंद दवाखाना.
मी तीन पडद्यांसमोर,
आणि एक हिरवी ओळ पिवळी पडते :
यजमान सात, पंखा तीन, फेरे घटले.

यजमान म्हणतात त्या मशीनला.
पोटात त्याच्या एकवीस पाहुणे.
एक पॅथॉलॉजीवाल्यांचा, साखर आणि क्रिएटिनिन सांभाळणारा,
एक दूध संघाचा, फॅटचे आकडे,
एक कुणा क्लासवाल्याचा, वर्षभर झोपलेला,
भाडं मात्र वेळेवर.
प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं.

पाहुण्यालाच विचारलं आधी, सवयीनं :
का रे, गरम होतंय?
तो म्हणाला, इथे पंखा नाही.
ऊन नाही, ऊब नाही, अशी कुठली वस्तूच नाही.
खोटं नाही बोलला.
अंगच दिलं नाही त्याला कुणी,
ताप कुठे यायचा?

मग मागच्या दारानं जावं लागतं.
यजमानाच्या बोर्डावर एक बारकी चिप असते,
तिची वायर वेगळी, वीज वेगळी,
सगळं मशीन आडवं झालं तरी ही जागी.
लग्नघरात सगळे जेवून पडल्यावर
भांड्यांच्या खोलीशी बसून राहिलेली एखादी आत्या असते ना,
तशी.
तिनं सांगितलं : सदुसष्ट अंश.
तीन नंबर तेवीसशेवर. आणि उतरतोय.

पाहुणे हलवले, सातवरून नऊवर,
एकेक करून, चालू असतानाच,
झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर ठेवतात तसं,
मान धरून.
पॅथॉलॉजीत तेव्हा कुणीतरी
हिमोग्लोबिन टाइप करत होतं. अकरा पॉइंट
दोन.
त्या टिंबापाशी घर बदललं त्याचं.
त्याला पत्ता नाही.

मशीन आहे गांधीनगरला. नऊ वर्षं नाडी बघतेय,
तोंड पाहिलेलं नाही.
तिथे परबत असतो, रात्रपाळीला.
'बेन, बधा पंखा फरे छे.'
फिरतात. दिसायला फिरतातच.

राउपुऱ्यात आमच्या खोलीखाली
खोपकरांचं मोटर वाइंडिंग होतं.
सुट्टीत मी तारेचे वळसे मोजायचे त्यांच्याकडे,
शंभराला दहा पैसे,
मध्ये चुकलं तर पहिल्यापासून.
खोपकर स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचे,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटून,
आणि म्हणायचे, दोन दिवस काढेल बेअरिंग.
किंवा नुसतंच, हं.

'परबत, स्क्रूड्रायव्हर आहे?'
'छे ने.'
'टोक पंख्याच्या चौकटीला लाव. मूठ फोनला.'
तो हसला बहुतेक. पण लावलं.
हॉलचा घोंगाट जरा बुजला, आणि त्याच्या तळातून,
सव्वाशे किलोमीटरच्या दांड्यावरून चढत,
खर्र.
थांबून
खर्र.

हं, मी म्हटलं.

चालत्या मशीनमधून जुना उपसला, नवा बसवला.
फॉर्मात 'निदान कसे झाले' असा रकाना आहे,
यादीतून निवडायचं.
कानानं, असा पर्याय नाही.
मी 'इतर' निवडलं.
यजमान सात आता रिकामा. सहाही पंखे
झकास फिरतायत, कुणासाठीच नाही.
पाहुणे सकाळी परत आणू.

'जूनो फेंकी दउं, बेन?'
नंबर सांग आधी त्यावरचा.
त्यानं वाचला, बारा अक्षरं,
मधलं एक बी की डी, त्या आवाजात कळलं नाही.
पुन्हा वाच, म्हटलं.
पहिल्यापासून.