एक रात्र रिकामी

पेटी आली ती जिन्यातच अडकली.
फर्मागुडीची टेकडी, दुसरा मजला.
चौघांनी तिरकी करून काढली, तेव्हा कठड्याचा निळा रंग
तिच्या एका कोपऱ्याला लागला. अजून आहे.
खिडकीपासून लांब, एसीच्या झोतापासून लांब,
दाराची उघडझाप जिथे पोचणार नाही
अशी जागा अख्ख्या खोलीत एकच निघाली:
आम्ही डबे खायचो ती.

पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.
आवेलिनाने पायाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला,
बुडबुडा उजवीकडे.
पाव आटा मागे.
दोन रेघांच्या मध्ये तो थांबेपर्यंत
आम्ही दोघी श्वास धरून.
फळी तिरपी असली तर पेशी एका कडेला गोळा होतात,
लग्नाच्या मांडवातल्या पुरुषांसारख्या.

सिलिंडर वेर्ण्याहून.
कायतानने तो तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत आणला,
कमरेत हात घालून, नाचातल्या जोडीदारासारखा,
आणि साखळीने भिंतीला बांधला.
"काय ठेवणार ह्यात?"
पेशी.
"कोणाच्या?"
उंदराच्या.
तो सांध्यांवर साबणाचं पाणी लावत होता, फेस फुगतो का बघत.
"आमच्याकडे उंदरांना विष घालतात," तो म्हणाला,
"तुम्ही गादी घाला."
फेस फुगला नाही.

मग फळ्या काढून पुसणं. सत्तर टक्के अल्कोहोल,
कोपरे, रबराची कड, दाराच्या आतली काच.
आमच्या हवेत चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते,
माझ्या पदवीच्या चौकटीत, काचेच्या आतून, येते.
आणि इथे सदतीस अंश, अंधार, पंचाण्णव टक्के ओल:
तिला आवडेल ते सगळं पैसे मोजून जमवायचं
आणि तिलाच तेवढं बोलवायचं नाही.
तळाच्या थाळीत निर्जंतुक पाणी ओतलं.
आवेलिना म्हणाली, मोरचूद टाकूया चिमूटभर.
पुस्तिकेत नको लिहिलं होतं.
"आई कळशीतलंच पाणी पिते, तांब्याच्या,"
एवढंच बोलून तिने पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली.

तिचे वडील लोटलीचे पोदेर.
इथे नोकरी लागल्यापासून ती भट्टीच्या बाजूने निघत नाही,
मागच्या दाराने, केस ओले, बांधलेले.
डब्यात पाव नाही. माझी चपाती खाते
आणि चपातीबद्दल काही बोलत नाही.
फक्त त्या दिवशी, रेग्युलेटरचा काटा वर चढताना,
ती हसली:
"पपा हाच गॅस रात्रभर फुकट करतात, पिठात."

यंत्रावर पाच टक्के दिसलं. यंत्रावर विसंबू नये.
वेगळ्या मीटरची नळी खुपसली: चार पूर्णांक दोन.
यंत्राला खरं काय ते सांगितलं. पुन्हा मोजलं.
तोवर शेवटची बस गेली.

पेशी गुरुवारी येणार होत्या.
त्याआधी एक रात्र पेटी रिकामी चालवायची, दार न उघडता,
आत फक्त एका बशीत माध्यम, झाकण ढिलं.
रात्री तीनला घरची लाईट गेली, पंखा थांबला,
मी वॉचमनला फोन लावला. सोयरू, वर जाऊन आकडा बघता?
त्याच्या चपला जिन्यात. मोठा श्वास.
"छत्तीस नऊ," तो म्हणाला. "जोर ना, बाय."
आमच्याकडे तापाला जोर म्हणतात.
मला झोप लागली.

सकाळी बशीतला रंग जांभळट नव्हता, पिवळाही नव्हता.
काजूचं बोंड झाडावरच असताना
लाल आणि पिवळ्याच्या मध्ये कुठेतरी असतं, तसा.
आवेलिनाने बशी उजेडात धरली, दोनदा,
आणि दार पटकन लावायचं विसरली म्हणून स्वतःलाच ओरडली.

खाली सही करताना सोयरूचं रजिस्टर दिसलं.
वेळ: ३.१०. खोली: दुसरा मजला, नवी पेटी.
आत कोण, ह्या रकान्यात त्याने लिहिलं होतं
कोणी नाही,
मग ते खोडून,
अजून कोणी नाही.