परतीची तारीख

दर दुसऱ्या गुरुवारी, भरती असली तर,
माझी पुस्तकांची बोट चेलीन बेटाला लागते.
चार फळ्या, एक शेगडी,
आणि मी ग्रंथपाल, पोहता न येणारी.

मार्चमध्ये ते पुस्तक पहिल्यांदा गेलं.
एका बाईनं लिहिलेली स्वतःची हकिगत,
जिला जन्मल्यापासून सगळ्यांनी मुलगा म्हटलं होतं.
ओनोफ्रे बार्रियाचं थोरलं लेकरू
शिंपल्यांच्या शेतीवरच्या जाडजूड ग्रंथाखाली
ते दडवून टेबलापाशी आलं.
मी दोन्हींवर शिक्का मारला. वर पाहिलं नाही.
न पाहणं हेही कधी कधी माझं काम असतं.

परत आलं तेव्हा पान चौसष्टवर
पेन्सिलीची रेघ, पुसट:
‘दुसऱ्याचा निरोप पोचवावा
तसं मी रोज शाळेत माझं नाव सांगायचे.’
समासात एकच शब्द. हो.
खोडायला काढलेलं रबर
मी परत खिशात टाकलं.

मग एदेल्मिरा आली, आई.
‘ते निळं दे, उशीखाली असायचं ते.’
चष्मा घरी राहिलेला,
म्हणून पहिलं प्रकरण मीच वाचलं, मोठ्यानं,
बोट डुलत होती, शेगडीवर पाणी उकळून उकळून आटलं.
मध्येच तिनं हात वर केला.
‘माझी लोकरीची शाल. सात वर्षांचा होता.
आरशासमोर पांघरून बसलेला.
मी हिसकावली.’
बराच वेळ काही नाही.
‘वाच पुढं.’

मे, जून वादळात गेले.
जुलैत ओनोफ्रे. ‘इंजिनावरचं काही आहे?’
दिलं. तरी हलेना.
‘आणि ते. घरात दोघं कुजबुजतात,
मी आपल्याच टेबलाशी पाहुण्यासारखा जेवतो.’

मुदत तीन आठवड्यांची. त्यानं अकरा ठेवलं.
परत आलं ते धुराच्या वासासकट,
पान चौसष्टवर चिकटलेला माशाचा खवला,
आणि त्या ‘हो’च्या खाली
सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
मी ऐकलं नसतं.
त्याखाली, टोक काढून, बहुधा दुसऱ्या दिवशी:
तेव्हा.

समासात लिहिलेलं पुस्तक बाद करावं असा नियम आहे.
मी उशिराचा दंड तेवढा लावला.
त्यानं तो बटाट्यांत भरला, अर्धी गोणी.

ऑक्टोबरात कार्ड बदलायला आली.
‘नवीन नाव?’
‘इसाउरा.’ घसा खाकरून पुन्हा, ‘इसाउरा बार्रिया मान्सिया.’
तिला स्वतःलाच लिहायचं होतं.
थंडीनं पेन चालेना, ती फुंकर घालत बसली.

खालून, होडीतून, बापाची हाक:
‘किती वेळ! दमलास—’
वल्हं पाण्यातच थांबलं.
एका स्वराचा फरक. मी मोजत होते,
एक लाट, दुसरी लाट.

‘दमलीस का?’

ती वळली नाही.
पेन चालायला लागलं होतं.