आठ बिल्ले

जेलरोडवरून आणली ती कॅसेट,
साडेतीनशेला, घासाघीस करून,
आणि घरी येऊन पाहतो तर
सगळी अक्षरं जपानी.
परत न्यायला गेलो. दुकानदार म्हणाला,
भिया, लढाईला काय भाषा लागते?

खरंच लागली नाही.
कुठलं जनावर आग ओकतं, कुठलं पाण्याला घाबरतं
हे आम्ही मार खाऊन शिकलो.
पण आठ गावांत आठ आखाडे होते,
प्रत्येक आखाड्याच्या टोकाला एक प्रमुख,
हलत नसे, बसत नसे, आमची वाट पाहत उभा.
त्यांना नावं तर हवीत.

मग दगडांच्या आखाड्यात आम्ही उभे केले
मुतखड्याचे डॉक्टर पागे.
विजेच्या आखाड्यात लाइनमन खासगीवाले,
जे खांबावर चढण्याआधी चपला काढून
हात जोडत, देवळात निघाल्यासारखे.
पाण्याच्या आखाड्यात अर्थात इंगळे,
आमच्या सुदामानगरचा व्हॉल्व्ह ज्यांच्या हाती,
एक दिवसाआड, पहाटे पाचला,
तीन वेढे उलटे फिरवले की नर्मदा.
इंगळ्यांना हरवायला आम्हाला अकरा दिवस लागले.
त्याच दिवसांत दोनदा नळाला खरोखरच पाणी आलं नाही,
आई रिकाम्या पिंपाशी ओरडत होती
आणि मी नि प्रणीत एकमेकांकडे बघत गप्प.

सातवी बर्फाची.
निसरडी फरशी, एक पाऊल टाकलं की भिंतीपर्यंत घसरत जायचं,
आणि पार शेवटी ती, पांढरा कोट, हाताची घडी.
गणिताच्या लघाटे बाई.
याबद्दल वाद झाला नाही.

हरल्यावर बाकीचे दोन ओळी बोलून बिल्ला देत.
बाई चार चौकटी भरून बोलायच्या.
बटण दाबा, अजून. दाबा, अजून.
प्रणीत म्हणे, शिव्या देतेय.
मी म्हणे, विचारतेय, अंधार झालाय, घरी कसे जाल.
प्रणीत म्हणे, हरलेला माणूस असलं काही विचारत नाही.

नववीत, फेब्रुवारीत, भूमितीचं एक गणित
बाईंना फळ्यावर सुटलं नाही. मला सुटलं.
एक रेघ बाहेरून काढायची होती, एवढंच.
बाई त्या रेघेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.
खडू डब्यात ठेवला, पदराला हात पुसले,
काही बोलणार असं वाटलं,
पण नुसते ओठ हलले,
आणि मी, वेडी, मनातल्या मनात
बटण दाबत राहिले.

परवा प्रणीतनं रॉटरडॅमहून फोटो पाठवला,
तोच बर्फाचा पडदा, कुठूनतरी शोधून.
फोनच्या कॅमेऱ्याला हल्ली काहीही वाचता येतं.
पहिली चौकट: या बिल्ल्यानं सत्तर पातळीपर्यंतची
जनावरं तुझं ऐकतील.
दुसरी: धबधबा चढता येईल.
तिसरीत एक डाव शिकवलाय, तो एकदाच वापरायचा.
आणि चौथीत, मशीन म्हणतं तसं,
"बाहेर थंडी आहे. थंडीला माझा नमस्कार सांगा."
खाली प्रणीतनं लिहिलं होतं: मॅच ड्रॉ.

कॅसेट माझ्याकडेच आहे. आतला सेल वाळला,
आमचा आठ बिल्ल्यांचा हिशोब पुसला गेला.
चालू केली की पहिल्या गावात, अंथरुणापाशी, रिकाम्या हातांनी.
म्हणजे डॉक्टर पागे पुन्हा अजिंक्य.
खासगीवाल्यांना कोणी बोटही लावलेलं नाही.
इंगळे, ज्यांना जाऊन सहा वर्षं झाली,
निळ्या पाण्याच्या कडेला पाय रोवून उभे.
बाई कोटाची सगळी बटणं लावून.

रविवारी पहाटे मी बसते.
गावाबाहेरच्या गवतात फुटकळ किड्यांशी झुंजते,
डॉक्टरांच्या दारापर्यंत जाते,
तिथेच घुटमळते,
आणि नळानं खाकरल्यासारखा आवाज केला
की खेळ तसाच ठेवून
पिंपावरचं झाकण काढायला उठते.